नापास हात

“मग माझा हात खोटा, की तुमची परीक्षा खोटी?”

निनाद हेरवाडेने भर वर्गात विचारलं.

लिमयेबाई चादरींच्या घड्या घालत होत्या. हातातली घडी त्यांनी पुरी केली, कपाटात ठेवली आणि मग वळल्या.

“परीक्षा खरी आहे,” त्या म्हणाल्या. “हाताचं तू बघ.”

आता हा निनाद काय चीज होता, ते सांगायलाच हवं. मिरजेत डॉक्टरांना काही तोटा नाही. पण औषध नाही, सुई नाही, नुसत्या हाताने हाडं, सांधे, स्नायू चाचपायचे आणि हातानेच मोकळे करायचे, ही ऑस्टिओपॅथीची विद्या शिकवणारी संस्था गावात एकच, ती लिमयेबाईंची. आणि त्या संस्थेत बाईंच्या खालोखाल नाव निनादचं. पोरगा फिजिओथेरपी करून आलेला, जयसिंगपूरचा, हाताने हुशार आणि तोंडाने त्याहून हुशार. पेशंटच्या पाठीवर हात ठेवला की लगेच सांगायचा, “इथे अडकलंय.” पेशंटला तोंडसुद्धा उघडू द्यायचा नाही. पेशंट चाट पडायचे. बाकीची पोरं आतल्या आत जळायची, आणि खरं सांगायचं तर निनादला ते फार आवडायचं.

संस्थेची जुनी रीत अशी होती. आधी बाई पाठीवर बोट ठेवणार. मग शिष्याने त्याच जागी बोट ठेवायचं आणि सांगायचं, “हो बाई, लागतंय.” मग बाई म्हणणार, “बरोबर.” त्या एका शब्दासाठी पोरं जीव टाकायची. बाईंनी बोट ठेवलेल्या जागी कुणाला कधी काही लागलं नाही, असं झालंच नाही. कसं होणार?

पण यंदा बाईंनी सगळं उलटंपालटं केलं. सत्तरीच्या बाई, या वयात लोक नातवंडं खेळवतात. त्या मात्र चष्मा नाकावर घेऊन नवं संशोधन वाचत बसल्या होत्या. त्यात जागोजागी एकच रडगाणं होतं. एकच पाठ दोन तज्ज्ञांना दाखवावी, तर एकाचं बोट एकीकडे पडतं आणि दुसऱ्याचं भलतीकडेच. बाईंनी ते वाचलं, काही दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत, आणि मग अंतिम परीक्षाच बदलून टाकली.

पेशंट पालथा झोपलेला, डोक्यापासून पायापर्यंत चादर, पाठीपुरती चादरीला खिडकी कापलेली. बोलायचं नाही. अडकलेली जागा शोधायची आणि पेन्सिलीने खूण करायची. खूण मोजून झाली की स्पिरिटने पुसायची, आणि पुढची पाठ. पेशंट कोण, तर सतारमेकर गल्लीतले कारागीर. दिवसभर वाकून सतारीचे भोपळे कोरणारी माणसं, पाठीचं दुखणं सगळ्यांच्याच पाचवीला पुजलेलं.

पोरांना एक गोष्ट मात्र सांगितली नव्हती. त्याच पाठी क्रम बदलून दोनदा येत होत्या.

निनादने एकाच पाठीवर एकदा खांद्याच्या पात्याजवळ खूण केली आणि दुसऱ्यांदा कमरेपाशी. एका पाठीचं नाही, सगळ्याच पाठींचं तसं झालं. आणि दोन्ही वेळा खूण करताना छाती पुढे काढून केली होती, हे विशेष.

नापास.

पुढच्या आठवड्यात जयसिंगपुरात त्याच्या दवाखान्याचं उद्घाटन होतं. प्रमाणपत्रावर बाईंची सही असल्याशिवाय त्याला ऑस्टिओपॅथ म्हणून पेशंटला हात लावता येणार नव्हता. पण त्याला खरी भीती वेगळीच होती. आपल्या बोटांना जे लागतं ते नसतंच की काय, हा विचार सकाळपासून त्याच्या मानगुटीवर बसला होता. आणि भीती वाटली की निनादला राग यायचा. तो त्याचा स्वभावच होता.

“पास कोण झालं?” त्याने विचारलं.

“रेवण.”

“रेवण?!”

रेवण बिराजदार मागच्या बाकावर बसला होता. गरीब स्वभावाचा, पण हाताच्या बाबतीत अगदीच यथातथा. निनाद त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला.

“खरं सांग रेवण. काय केलंस तू?”

“जाऊ दे की रे…”

“सांग म्हणतो ना!”

रेवणने मान खाली घातली. “मला कधी काही लागतच नाही राव. म्हटलं, भोपळे कोरणारी माणसं, कमरेच्या वरच दुखत असणार. सगळ्यांना तिथेच खूण केली. कमरेच्या वर चार बोटं.”

वर्गात हशा पिकला. बाई तेवढ्या हसल्या नाहीत.

“ऐकलंत?” निनाद बाईंकडे वळला. “याने पाठी बघितल्यासुद्धा नाहीत. आणि हा पास?”

“पास. दोन्ही वेळा खूण एकाच जागी आहे.”

“आणि मी जीव ओतून बघितलं, तर मी नापास?”

“हो.”

“मग चुलीत घाला ही परीक्षा!”

“निनाद, जीभ आवर,” पुढच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं.

“का आवरू? ज्यांनी परीक्षा काढली त्यांनी एकदा देऊन बघावी! बाई, तुम्ही द्या. आत्ता. आमच्यासमोर.”

झालं. आता बाई याला हाकलून देणार, असंच सगळ्यांना वाटलं. निनादलाही वाटलं. पण तो हलला नाही. होऊन जाऊ दे एकदाचं, अशाच तयारीने उभा राहिला.

बाईंनी हातातलं घड्याळ काढलं. मग पाटल्या काढल्या. टेबलावर ठेवल्या.

“क्रम तू लाव,” त्या म्हणाल्या. “मी व्हरांड्यात थांबते.”

पेशंट अजून चहाला थांबलेच होते. पुन्हा चादरी अंथरल्या, पुन्हा मंडळी पालथी झोपली. रफिकचाचा मुल्ला सगळ्यांत वयस्कर. “आता आणि कुणाची परीक्षा?” त्यांनी विचारलं. बाईंची, असं कळल्यावर त्यांनी कानाला हात लावले आणि गुपचूप चादरीत शिरले.

निनादने मुद्दाम क्रम असा काही फिरवला की ब्रह्मदेवालाही कळू नये.

बाई आत आल्या. एका पाठीवर हात, खूण. दुसऱ्या पाठीवर हात, खूण. निनाद टेप लावून मोजत होता, फळ्यावर लिहीत होता, स्पिरिटने पुसत होता. बाईंचं फळ्याकडे लक्ष नव्हतं. त्यांची बोटं नेहमीसारखीच चालत होती, सावकाश, पाण्यात घातल्यासारखी. बघताना निनादही क्षणभर राग विसरला.

मधेच एक पाठ पुन्हा आली. रेवण मोठ्याने खोकला.

“रेवण,” बाई मान वर न करता म्हणाल्या, “खोकला असेल तर बाहेर जा.”

रेवण लाल झाला.

शेवटची खूण झाली. बाई फळ्यासमोर गेल्या. आकड्यांवरून नजर फिरवली. एका पाठीवर त्यांची बोटं दोन्ही वेळा जवळपास पडली होती. बाकी सगळ्या पाठींवर इकडची खूण इकडे आणि तिकडची तिकडे.



बाईंनी खडू घेतला. निकालाच्या यादीत निनादच्या नावाखाली आपलं नाव लिहिलं. त्याच्यापुढे लिहिलं, नापास.

“बाई,” रेवण चाचरत म्हणाला, “मधे स्पिरिटने चोळलं ना… पाठ मऊ पडली असेल. पहिल्या वेळच्या हातानेही थोडी सुटली असेल. म्हणून…”

“कारणं मला सुचत नाहीत असं वाटतं का तुला?”

रेवण खाली बसला.

निनाद जिंकला होता. त्याला हवं ते अगदी तस्संच घडलं होतं. आणि त्याच्या पायाखालची जमीन सरकली होती. बाई चुकतील असं त्याला वाटलंच नव्हतं, हे त्याला आत्ता कळत होतं. त्या जिंकाव्यात आणि आपला कान धरावा, यासाठीच तर त्याने त्यांना डिवचलं होतं. आता कान धरणारंच कुणी उरलं नव्हतं.

“मग इतकी वर्षं तुम्ही ‘बरोबर’ म्हणत होतात,” त्याचा आवाज चढला, “ते काय होतं?”

“सवय.”

“सवय?! आम्ही जीव टाकायचो त्या शब्दासाठी!”

“हो. मलाही बरं वाटायचं.”

“आणि पेशंट बरे झाले ते?”

“झाले.”

“कशाने?”

“ते माहीत असतं तर ही परीक्षा कशाला काढली असती मी?”

तिकडे रफिकचाचा चादरीतून बाहेर आले, सदरा चढवला, खांदे फिरवून बघितले. “सकाळपासून सगळ्यांनी चाचपलं म्हणून असेल,” ते म्हणाले, “पण जरा हलकं वाटतंय हां.”

“ते माझ्या हाताने!” निनादच्या तोंडून निघून गेलं.

आणि पुढच्याच क्षणी त्याला अशी काही शरम वाटली की कानाच्या पाळ्या तापल्या. चाचांनी सगळ्यांना सलाम केला आणि ते गेले. बाकीचे कारागीरही त्यांच्या मागोमाग निघाले.

निनादने फळ्याजवळचं डस्टर उचललं आणि टेबलावर आपटलं.

“बंद करा मग हे सगळं! कुलूप लावा संस्थेला! मी कुणाच्या पाठीला आता काय म्हणून हात लावू?”

“माझी पाठ दुखतेय,” बाई म्हणाल्या.

“काय?”

“पाठ दुखतेय. सकाळपासून उभी आहे मी.”

त्या तपासायच्या टेबलापाशी गेल्या, पदर खोचला आणि पालथ्या झोपल्या. वर्गातली पोरं बाकांवरून उठून उभी राहिली. बाईंच्या पाठीला आजवर एकाही शिष्याचा हात लागला नव्हता. कुणी तसं म्हटलं, तर बाई हसून विषय बदलायच्या.

“ये,” त्या म्हणाल्या.

“मी नापास आहे.”

“ठाऊक आहे.”

“रेवणला सांगा. तो पास आहे.”

“रेवणला माझी पाठ न बघताच माहीत आहे.”

निनाद दात-ओठ खात पुढे आला. तळहात एकमेकांवर चोळून ऊन केले आणि हात बाईंच्या पाठीवर ठेवला.

पाठ बारीक होती. इतकी बारीक असेल असं त्याला वाटलं नव्हतं. पोलक्याच्या कापडाखाली श्वास वर-खाली होत होता.

आणि झालंच. जागा लगेच ओठांवर आली. डावीकडे, पात्याच्या आत. तो बोलणार एवढ्यात बोटं जरा खाली सरकली, आणि तिथेही काहीतरी लागलं. मग उजवीकडे. मग पुन्हा वर. जिथे हात जाईल तिथे पाठ काहीतरी सांगत होती, आणि त्यातलं पाठीचं किती आणि आपलं किती, हे त्याला कळेना.

“सांग,” बाई म्हणाल्या. “कुठे आहे?”

निनादची बोटं पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली.

“सांग की. आजवर कधी वेळ लागला नाही तुला.”

काहीही सांगितलं तरी चाललं असतं. कुठलीही जागा सांगितली असती, तर बाईंच्या तोंडून ‘बरोबर’ निघालं असतं आणि सही मिळाली असती. दवाखान्याचं दार उघडलं असतं. सगळा वर्ग बघत होता. रेवणने तर हळूच चार बोटं दाखवली.

 निनादला इतका राग आला, बाईंचा, रेवणचा, स्वतःच्या या शहाण्या बोटांचा, की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

“नाही कळत!” तो ओरडला. “नाही कळत मला, कुठे आहे ते! आणि ठोकून देणार नाही मी काहीतरी! सही नका देऊ, हाकलून द्या, काय करायचं ते करा. नाही सांगणार!”

हात मात्र त्याने काढला नव्हता. तो बाईंच्या पाठीवर तसाच होता.

बाईंनी गाल टेबलावर टेकवला आणि डोळे मिटले.

“हां,” त्या म्हणाल्या. “आता दाब.”