कड्या चोरणारी तानकी

एका राज्यात न्यायाची रीत मोठी अजब होती. आरोपीला एवढेच विचारायचे, "केलेस की नाही?" होय म्हटले की हात तोडायचे. पुढचा शब्द ऐकणे पाप! या रीतीत एका जादूगाराच्या भावाचे हात कारण न ऐकताच तुटले, तेव्हा जादूगाराने शाप दिला: ऐकल्यावाचून शिक्षा द्याल, तर दर शिक्षेला नगरातली एक विहीर दगड होईल. होता होता एकच विहीर उरली. पण सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही. रीत तशीच चालू.

अशात तानकी नावाची बाई धरली गेली. तिने सोन्याला हात लावला नव्हता. चोरल्या होत्या दारांच्या बाहेरच्या कड्या!

न्यायाधीश हेरंबशास्त्री जिभेचे तिखट, पण मनाने लोणी.

"केलेस की नाही?"

"केले, महाराज."

शास्त्रीबुवांच्या तोंडून शिक्षा फुटेना. खिडकीतली साळुंकी म्हणाली, "हिच्या गावी जा. तिघांना विचारा."

सिंहासनावरून राजा म्हणाला, "तीन दिवस देतो. चुकलात तर हात तुमचेही."

शास्त्रीबुवा धापा टाकीत गेले. वेशीवरचा वड म्हणाला, "तानकीचा बाप बायकोला बाहेरून कडी घालून गावभर हिंडे." जळक्या घराचा उंबरठा म्हणाला, "घर पेटले तेव्हा पोर अंगणात होती. पाच वर्षांची. कडीला हात पुरेना." मग चूल म्हणाली, "आई आतून सांगत होती, तानू, तू पळ."

शास्त्रीबुवा तिथेच बसून पोरासारखे रडले.

चौथ्या दिवशी भरसभेत त्यांनी रीत मोडली. "का केलेस, बाळ?"

"कडी दिसली की राहवत नाही, महाराज. वाटते, आत कुणी असेल."

तत्क्षणी दगड झालेल्या विहिरींना पाझर फुटले. राजाने मान खाली घातली आणि जुनी रीत बंद केली.

"पण चोरी ती चोरीच," शास्त्रीबुवा गरजले. "साऱ्या कड्या तूच परत बसवायच्या!"

तानकीने त्या बसवल्या. दर दाराशी आत हाक मारी, माणूस बाहेर आले की मगच हातोडी उचली. शेवटचे दार शास्त्रीबुवांचे. कडी बसली, पण लावून बघायला तिचा हात धजेना.

शास्त्रीबुवा आत गेले. "लाव ग खुशाल. मी आहे आत."

तिने कडी लावली.

"तानू, उघड!"

हाक पुरती व्हायच्या आत दार सताड उघडे होते, आणि शास्त्रीबुवा हसत उभे होते.