कासवासाठी संगमरवरी घर

एका जंगलात, तळ्याकाठच्या उघड्या माळावर, एक टिटवी राहत असे. राहत असे म्हणजे काय, तर चार खडे बाजूला सारायचे, मधल्या जागेत अंडी घालायची आणि कोणी जवळ आले की घसा फुटेपर्यंत ओरडायचे. ना काडी, ना छप्पर. एवढ्यावर तिची सगळी पिल्ले वाढली आणि उडून आपापल्या संसाराला लागली. त्यामुळे कोणाची उधळपट्टी दिसली की टिटवीच्या अंगाचा तिळपापड होई.

त्या वर्षी तर उधळपट्टी शेजारीच सुरू झाली. शेजारी एक अस्वलीण होती, एकटीच. तिने तळ्यातले एक कासव पाळले होते. रोज संध्याकाळी ती तळ्याकाठी बसे, नखाने कासवाची पाठ खाजवी, आणि दोघेही खूश असत. मग एके दिवशी तिथे कोल्हा आला. "मावशी, जीव आहे ना तुमचा कासवावर? मग ते असं उघड्यावर कसं?" झाले! आधी रेशमी गादी आली, मग उन्हासाठी छत्री आली, आणि शेवटी, मुलांनो, सात पोळ्यांचा मध घेऊन कोल्ह्याने चक्क एक घर आणून उभे केले. संगमरवरी फरशीचे, कडी-कोयंड्याच्या दाराचे. कासवासाठी!

टिटवी तरातरा चालत आली. "अगं, ज्याच्या पाठीवर जन्माचं घर बांधलेलं आहे, त्याला हा मेला घर विकतो आणि तू घेतेस?"

कोल्हा गालात हसला. "ज्यांना पोटच्या पोरांसाठी काडी आणता येत नाही, त्यांनी मायेच्या गोष्टी सांगू नयेत."

हे बोलणे टिटवीच्या काळजाला लागले. तिने आशेने अस्वलिणीकडे पाहिले, तर ती म्हणाली, "तुझं काय ऐकायचं बाई? तू ढग आला तरी ओरडतेस आणि ढग गेला तरी ओरडतेस." यात खोटे काहीच नव्हते. टिटवीला राग आला तो त्याचाच.

वैशाख लागला. तळे आटू लागले. आता कासवाच्या कुळाची एक रीत होती. तळ्याचे पाणी सरले की तळच्या ओल्या चिखलात स्वतःला पुरून घ्यायचे आणि तळे पुन्हा भरेपर्यंत गार झोपायचे. कासव अस्वलिणीला म्हणाले, "मावशी, मला चिखलात सोड गं."

"एवढं घर असताना चिखलात? लोक माझ्या तोंडात शेण घालतील!" असे म्हणून अस्वलिणीने त्याला आत ठेवले, बाहेरून कडी लावली आणि ती दूरच्या कड्यावर मध काढायला गेली. कोल्ह्याने आता चांदीचे ताट दाखवले होते ना!

दुपारी टिटवीला त्या घरातून खर्र खर्र आवाज आला. तिने खिडकीतून डोकावले. कासव फरशी उकरत होते. पाय चिखल शोधत होते आणि खाली दगड होता, तापलेला. त्याची मान लोंबत होती, डोळे सुकले होते. टिटवीने चोचीने कडी ओढून पाहिली. ती हलेचना.

तेवढ्यात कोल्हा दोन घागरी घेऊन आला.

"अरे, दार उघड! ते मरतंय!" टिटवी किंचाळली.

"चिखल हवा असेल त्याला," कोल्हा शांतपणे म्हणाला. "आणलाय मी. खास कासवांचा, निवडक. पण आधी मध, मग चिखल. मावशी आल्या की बघू." आणि तो सावलीत पाय पसरून बसला. तो चिखल त्याच तळ्यातला होता! सकाळी त्याला घागरी भरताना टिटवीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. अशा निलाजरेपणाला काय म्हणावे?

पण भांडायला वेळ नव्हता. टिटवी कड्याकडे उडाली. ओरडून उपयोग नाही, हे तिला पुरते ठाऊक होते. म्हणून तिने तिच्या जातीची जुनी युक्ती केली. शत्रू अंड्यांजवळ आला की टिटवी पंख मोडल्याचे सोंग घेऊन त्याला घरापासून लांब नेते. आज तिने तेच सोंग घेतले, पण घराच्या दिशेने. पंख फरपटत ती अस्वलिणीसमोर कोलमडली. "अगं बाई, पंख मोडला की काय तुझा!" म्हणत अस्वलीण मध तसाच टाकून खाली उतरली. मधमाश्यांनी चावून तिचे नाक सुजले होते, तरी ती धावली. ती जवळ आली की टिटवी चार पावले पुढे लंगडे. असे करत करत दोघी संगमरवरी घराच्या दारात आल्या. टिटवीने पंख मिटला आणि फक्त दाराकडे पाहिले. आतून खर्र असा एकच, बारीक आवाज आला.

अस्वलिणीने दारच उपटले. कासवाला छातीशी धरून ती तळ्यात उतरली. वरचा थर वाळून भेगाळला होता. तिने आपल्या लांब नखांनी उकरायला सुरुवात केली आणि काळा, गार, ओला चिखल लागेपर्यंत ती थांबली नाही. कासव हळूच आत सरकले. "एवढंच हवं होतं, मावशी," ते म्हणाले आणि दिसेनासे झाले. अस्वलीण तिथेच बसून ढसाढसा रडली.

"मावशी, चांदीच्या ताटाचा मध?" काठावरून कोल्हा म्हणाला.

अस्वलीण उभी राहिली. तिची नखे चिखलाने माखली होती. "मध ना? कडा तिकडे आहे. मधमाश्याही तिथेच आहेत. जा, काढून घे."

कोल्हा घागरी टाकून पळाला. आणि टिटवी? ती तळ्याच्या काठी उभी राहून ओरड ओरड ओरडली, आणि त्या दिवशी अस्वलिणीने तिला गप्प बस म्हटले नाही.

तात्पर्य : पाळलेल्या जिवाला काय हवे ते त्यालाच विचारावे, कोल्ह्याला विचारले तर तो आपले दुकानच दाखवणार.