म्हाळसेची वाटी

"परमुलखातल्या संसाराचा खर्च किती, ते सांगा! एक नाणं कमी नको, एक नाणं जास्त नको!"

कुंभनगरच्या राजा अजितदेवाने भर दरबारात मांडीवर थाप मारली.

झालं होतं असं. समुद्रापलीकडच्या शंखद्वीपाच्या राजाला बंदरावर मोठाल्या घंटा बसवायच्या होत्या, धुक्यात गलबतं वाट चुकू नयेत म्हणून. तशा घंटा ओतणारा कारागीर एकच, कुंभनगरचा भिकोबा ओतारी. काम चांगलं तीन वर्षांचं! म्हणजे बायको म्हाळसा आणि रांगती ठकी, दोघींनाही न्यायला हवं. आणि आपला माणूस परमुलखात राहिला तर त्याचा घरखर्च आपणच पाठवायचा, अशी दोन्ही राज्यांची रीत.

"मागे एकाला भरपूर दिलं," राजा गुरगुरला, "तर त्याने परत येऊन दुमजली माडी बांधली! दुसऱ्याला बेताचं दिलं, तर तो अंगावरची शाल विकून घरी आला. तिकडे माझी अब्रू गेली! आता आकडा नेमकाच हवा. नाही सांगता आला तर भिकोबा एकटा जाईल. मायलेकी इथेच राहतील!"

म्हाळसा भिकोबाबरोबर दरबारातच उभी होती. तीन वर्षं! परत येईल तेव्हा ठकी बापाला ओळखेल तरी का?

खजिनदार आबाजीपंत पुढे सरसावले. पंत म्हणजे एक नंबरचे चिक्कू! "महाराज, माणसं तीन, त्यातलं एक तर बोटभर. पसाभर तांदूळ टाकला की झालं!"

"तिकडे तांदूळ काय भावाने मिळतो, पंत?"

"ते... ठाऊक नाही."

"आणि सरपण?"

"तिकडे चूल पेटवतात की नाही, इथपासून चौकशी करावी लागेल, महाराज!"

दरबार खो खो हसला. राजा मात्र हसला नाही. त्याने शंखद्वीपाच्या वकिलाकडे, म्हणजे तिकडून इथे राहायला आलेल्या राजदूताकडे पाहिलं. नागदत्त त्याचं नाव.

नागदत्ताने हात जोडले. "मला काय विचारता, महाराज? आमच्याकडे घरखर्च बायको बघते. आणि आम्हाला इथे येऊन किती दिवस झाले! भाव काय आमची वाट बघत एका जागी बसलेत?"

"अगं, जाऊ दे," भिकोबा बायकोच्या कानाशी पुटपुटला. "मी जातो एकटाच."

"गप्प बसा हो! तिकडे एकटे जाऊन खाणार काय, घंटा?" म्हाळसा तरातरा पुढे आली. "महाराज, आकडा मी सांगते. उद्यापर्यंत मुदत द्या!"

"तू? आणि चुकलीस तर?"

"तर लेकीला घेऊन मुकाट्याने इथे राहीन."

बोलून तर बसली, पण घरी येईपर्यंत आकडा काही सुचेना. शेजारच्याच दारात वकिलाची बायको तारिणी पोराला कडेवर घेऊन उभी होती. रोजच उभी असायची बिचारी, घरखर्चाच्या पैशांचं गलबत आलं का, ते विचारायला!

"नाही आलं गं," म्हाळसा म्हणाली.

तारिणीने निःश्वास सोडला आणि म्हाळसेची वाटी पुढे केली. काल तिने डाळ नेली होती, आज वाटीत खोबऱ्याच्या वड्या. नवी नवी आली तेव्हा पहिली वाटी तिने चक्क रिकामी परत केली होती! म्हाळसा कितीतरी दिवस फुगून बसली होती. शेवटी तिनेच सांगितलं, "अगं, आमच्याकडे रिकामी वाटी परत करत नाहीत!" तेव्हापासून वाटी कधी रिकामी आली नाही.

म्हाळसा वाटीकडे बघत राहिली. मग तिने कपाळावर हात मारला.

"अगं बाई! हे आधीच कसं सुचलं नाही!"

वड्या ठकीच्या हातात कोंबून तिने वाटीत नव्या चिंचेचा गोळा भरला आणि तडक राजवाड्याच्या मुदपाकखान्यात नेऊन दिली.

दुसऱ्या दिवशी तीच वाटी पदराखाली झाकून ती दरबारात उभी राहिली.

"सांग आकडा!" राजा म्हणाला.

"शून्य!"

"शून्य? उपाशी राहणार आहेस का, पोरी?"

"उपाशी राहतील माझे वैरी!" म्हाळसेने पदर बाजूला केला. वाटीत बेसनाचे दोन लाडू होते. "महाराज, काल ही वाटी मी चिंच घालून आपल्या मुदपाकखान्यात दिली. आज लाडू घेऊन परत आली. हुकूम कोणी केला होता?"

"हुकूम कशाला हवा?" राजा उसळला. "माझ्या घरून वाटी रिकामी जाईल होय?"

"मग शंखद्वीपाच्या राजाच्या घरून तरी कशी जाईल? वकिलांचं बिऱ्हाड आपल्या गावात आहे. नवरा, बायको, एक मूल. आम्हीही तेवढेच! त्यांचा इथला संसार आपण चालवायचा, आमचा तिथला त्यांच्या राजाने. इथले भाव पंतांना पाठ, तिथले त्यांच्या खजिनदाराला. मग इथून बांधून न्यायचं काय? काही नाही!"

"आणि मी वकिलांना नुसत्या कण्या दिल्या तर?" पंतांनी डोळे बारीक केले.

"खुशाल द्या! पुढच्या गलबताने बातमी तिकडे जाईल, की ठकीच्या ताटातही कण्या! मग ती परत येऊन सगळ्या गावाला सांगेल, की महाराजांच्या पंतांनी मला कण्यांवर वाढवलं!"

नागदत्त टुणकन उठला. "महाराज, मला मंजूर! माझ्या राजाच्या वतीने करार करायचा अधिकार माझाच आहे. आमचं पैशांचं गलबत कुठे रखडलंय देव जाणे. माझ्या घरी शेजारणीची डाळ शिजतेय!"

राजा मात्र हट्टाला पेटलेला. "आकडा नेमका हवा, असं म्हटलं होतं मी. शून्याहून एक नाणं कमी लागलं तर?"

"त्याहून कमी देणं तर पंतांनासुद्धा जमणार नाही, महाराज!"

राजाला असं हसू फुटलं की मुकुट तिरका झाला! हसता हसता त्याने एक लाडू तोंडात टाकला, दुसरा नागदत्ताला दिला. "जा पोरी, तिघंही जा! आणि ही घे तुझी वाटी..."

तो एकदम थांबला. वाटीच्या तळाकडे पाहून त्याचे डोळे चमकले.

"पंत! रिकामी वाटी परत करायची का?"

पंतांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यांनी खजिन्याची किल्ली काढली आणि एकेक मोहोर उचलून अगदी सावकाश वाटीत ठेवू लागले.

"पंत," म्हाळसा म्हणाली, "शीग येऊ द्या हं! आमच्या घरी वाटी सपाट भरत नाहीत!"