कडी

"फिल्म कुठं पाहायला मिळेल, एवढंच सांगा." निशिकांत उंबऱ्यातूनच म्हणाला. दार नुसतं लोटलेलं होतं.

तात्या किणीकर शेंगा फोडत बसले होते. चाळीस वर्षं विंगेत बसून त्यांनी नटांना विसरलेली वाक्यं पुरवली. नाटककार विश्राम साखळकर याच खोलीत गेले, तेव्हा उशाशी तेच होते.

निशिकांत साखळकरांचा मुलगा. भांडून गेला, तो वडिलांच्या अंत्यविधीलाही आला नाही. त्यांच्या शेवटच्या सकाळवर कुणा बाईनं प्रायोगिक फिल्म केलीय, असं कळल्यापासून मात्र त्याला चैन नव्हतं.

"कुठं शोधलीस?"

"फिल्म क्लब, संग्रहालयं, सगळी अ‍ॅप्स. परदेशातही लिहिलं. मी समीक्षक आहे, तात्या. शोधायचं कसं ते मला कळतं."

"काखेत कळसा..."

पुढचं तात्या म्हणाले नाहीत. प्रॉम्प्टरची खोड, पहिले दोन शब्दच द्यायचे.

त्यांनी भिंतीलगतच्या खाटेकडे बोट केलं. "आडवा हो."

"मी फिल्मचं विचारतोय..."

"उशीवर डोकं टेक."

तात्या शेंगा घेऊन ओसरीवर गेले आणि दार ओढून घेतलं.

निशिकांत चिडून पडून राहिला. समोर निळं दार. खालच्या फळीला भेग.

"काय बघू?" तो ओरडला.

"दार." बाहेरून आवाज आला. "चाळीस मिनिटं तेवढंच आहे. कॅमेरा तुझ्या डोक्याशेजारी होता."

"आणि बाबा?"

"ते दिसत नाहीत. ते बघतायत."

निशिकांत दाराकडे बघत राहिला.

"काही बोलले?"

"एकदाच. ‘तात्या, कडी काढून ठेव.’"

शोधायचं कसं ते कळणारा माणूस उशीत तोंड खुपसून रडला. फार वेळ रडला. बाहेर शेंगा फुटत राहिल्या.

मग दार ढकलून तात्या आत आले. त्याच्या ओंजळीत दाणे ठेवले.

"शेवट काय आहे?" निशिकांतनं विचारलं.

"दार बंदच राहतं."

"आणि कडी?"

"सहा वर्षं लावली नाही. मांजरं येऊन दूध पिऊन जातात मेली."

निशिकांतनं डोळे पुसले. चपला शोधू लागला. "येतो, तात्या."

तात्यांनी पुढची शेंग उचलली.

"कडी लाव," ते म्हणाले. "आतून."