सिंहासनाखालचा झरा

एका राज्यात एक नगर होते. नगरात तळे होते, शंभर विहिरी होत्या, पण पिण्याला थेंब नव्हता. पाणी काजळासारखे काळे झाले होते. जो पिई, तो अंथरूण धरी.

त्या नगरात भिवरा नावाची पाणाडीण राहत असे. भुईला कान लावून पाणी सांगावे, हा तिच्या घराण्याचा धंदा. तिचा नवरा रायाजी काळे पाणी पिऊन तापाने फणफणला होता. भिवरा वेशीपासून वेशीपर्यंत फिरली. सगळीकडे भुई मुकी. थकून ती तळ्याकाठी बसली, तेव्हा एक टिटवी बोलली.

"बाई, झऱ्याच्या तोंडावर एका मांत्रिकाने शापित धन ठेवले आहे, त्यानेच पाणी नासले. झरा शोध, धन उचल, पाणी शुद्ध कर. मात्र धनाचा लोभ धरील, त्याचा दगड होईल."

आता राजवाडाच तेवढा उरला होता. भिवराने भर दरबारात फरशीला कान लावला, आणि सरकत सरकत सिंहासनापाशी आली.

"महाराज, उठावे. झरा आपल्या आसनाखाली आहे."

राजा म्हणाला, "आसन हलले तर राज्य हलेल, असे आजोबा सांगून गेले."

"राज्य तहानेने मरते आहे, महाराज."

राजा आसनावरून उतरला आणि त्याने स्वतः पहार घेतली.

खाली सोन्याने भरलेले सात हंडे निघाले. प्रधानाने घाईने हात घातला, तो मनगटापर्यंत दगड झाला. भिवरा पुढे झाली. एवढ्या सोन्यात सात पिढ्या बसून खातील, असे तिच्या मनात आले आणि बोटे जड झाली. तिने डोळे मिटले. रायाजीचे कोरडे ओठ आठवले. एकेक हंडा तिने बाहेर काढला, आणि सोन्याचे कोळसे झाले.

झरा उसळला, पण गढूळ. भिवराने बुडाला भोक असलेला रांजण मागवला. त्यात वाळू भरली, वर तेच कोळसे धुऊन कुटून घातले. झिरपलेल्या पाण्यात निवळीची बी उगाळून टाकली. गाळ खाली बसला, पाणी आरशासारखे झाले. त्याचा शिपका बसताच प्रधानाचा हात मोकळा झाला.

"पहिला तांब्या तुझ्या घरी ने," राजा म्हणाला.

रायाजी प्याला. थोड्या वेळाने त्याने पेज मागितली. भिवरा चुलीपाशी गेली आणि तिथेच बसून पोटभर रडली.

पुढे दरबार अंगणातल्या कडुनिंबाखाली भरू लागला, आणि महालाची दारे घागरी घेऊन येणाऱ्यांना उघडी राहिली. ते नगर निवले, तशी ऐकणाऱ्यांची तहान निवो.