कानशीची सुरी

भाते बोलायचे आणि हातोडे ऐकायचे, त्या काळची ही गोष्ट. गजरा लोहारणीच्या भट्टीवर एक कानस होती. कुणी विळा तिच्याखाली येऊन कुरकुरला, की ती खेकसायची, "धार हवी तर झिजायला नको? उगाच नाटकं करू नकोस!" असं खेकसण्यात तिचा जन्म गेला. शेवटी दाते झिजले, अंगावर गंज चढला आणि ती भंगाराच्या टोपलीत जाऊन पडली.

एक दिवस गजराने तिला उचलून ठोकून पाहिलं. "पोलाद अजून खणखणीत आहे. हिची भाजी चिरायची सुरी करते."

कानस हादरली. "अगं, माझे दाते घासलेस तर मी कानस कसली?"

खुंटीवरचा म्हातारा विळा खुदकन हसला. "झिजायला नको का, बाई? उगाच नाटकं करू नकोस!"

कानस भट्टीत लाल झाली, घणाखाली चपटी झाली, ओरडून ओरडून तिचा घसा बसला. पण सुरी अशी झाली, की चिरलं गेल्याचं कांद्यालाही उशिरा कळायचं. ओल्या हातातून निसटू नये म्हणून गजराने मुठीजवळचे चार दाते तेवढे ठेवले होते.

पुढे बोथट होऊन सुरी भट्टीवर परत आली. तिथे नवी कानस एका कोवळ्या विळ्यावर खेकसत होती, "नाटकं करू नकोस!" विळा थरथरत होता.

सुरी मधे सरकली. "पोरी, आधी मला घास. मी मोठ्यांदा ओरडणार आहे. आणि तू मला ओरडू द्यायचंस."