पिळल्या धोतराचं पाणी

“मग त्यांना पाणी कोण देणार, बुवा?”

श्रीनिवास उपासनी सर नुकतेच नदीतून पायरीवर आले होते. विचारता विचारता त्यांनी अंगावरच्या ओल्या धोतराचा सोगा पिळला. पाणी दगडावर पडलं.

दाजीबुवा वरच्या पायरीवर दर्भ निवडत बसले होते. त्यांनी त्या पाण्याकडे पाहिलं.

“आधीच पिळलंत?”

“गारवा आहे हो.”

सर्वपित्री अमावास्येची सकाळ. उपासनी सर म्हणजे पुराणकाळच्या हाडांचे मोठे अभ्यासक. हाड हातात घेऊन ते कुणाचं ते सांगत. समोरच्या जित्या माणसाचं नाव मात्र दोनदा विचारत. असो. मोठ्या माणसांचं चालतं.

मागे त्यांची शिष्यमंडळी उभी होती. एकाच्या हातात कॅमेरा होता. सरांना आज नियांडरथल माणसांच्या नावाने तर्पण करायचं होतं, चारचौघांत. आणि या घाटावर दाजीबुवांच्या होकाराशिवाय काही होत नसे.

“कोण म्हणालात हे?” बुवांनी विचारलं.

“आपल्याआधी पृथ्वीवर नांदलेली माणसं. आपल्याहून वेगळी. आपले पूर्वज थंड मुलखात गेले तेव्हा ही तिथे होतीच. भेटी झाल्या, पोरंबाळं झाली. पुढे ती माणसं संपली. थोडी आपल्यात उरली. तुमच्या-माझ्या रक्तातसुद्धा.”

“म्हणजे नात्यातली.”

“चुलत म्हणा. पण मानायला कोणी तयार नव्हतं. पहिली कवटी सापडली तेव्हा काही पंडित म्हणाले, हा कुणी रोगी असेल, वेडसर असेल. पुढे त्यांची चित्रं काढली तीही वाकलेली, केसाळ. का? तर पाहणाऱ्याला वाटू नये, की हा आपला कोणी लागतो. लोकांना त्यांची लाज वाटायची, बुवा. माझा जन्म ती लाज पुसण्यात गेला.”

शिष्यांनी माना डोलावल्या. हे वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं.

“चांगलं केलंत,” बुवा म्हणाले. “पण त्यांची सोय आधीपासून आहे. तर्पण ओलेत्याने करायचं. सगळी नावं घेऊन झाली की शेवटी धोतर पिळायचं. ते पाणी कुळातल्या निपुत्रिकांचं. ज्यांच्यामागे कोणी नाही, ज्यांची नावंही कुणाला ठाऊक नाहीत, ते त्या पाण्यावर थांबलेले असतात. तुम्ही आल्या आल्या सांडलंत.”

सर हसले. “पुन्हा बुडी मारतो. त्यात काय.”

“मारा. तुमच्या घरात कोणी आहे असं? निपुत्रिक गेलेलं?”

“नाही.”

उत्तर फार पटकन आलं. बुवांच्या ते लक्षात आलं की नाही, देव जाणे. ते दर्भ निवडत राहिले.

“बरं, ती माणसं होती कशी? आपसांत?”

आता सर खुलले. “ऐका. एका गुहेत एकाचा सांगाडा मिळाला. उजवा हात वाळलेला, एका डोळ्याने आंधळा असावा, कानानेही अधू. शिकार जमणं शक्य नाही. आणि तरी तो त्या काळच्या मानाने म्हातारा होऊन मेला.”

“मग खायला कोण घालत होतं?”

“त्याचीच माणसं. कळपात ठेवून घेतलं त्याला. टाकला नाही. मिळेल त्यातलं त्याला दिलं असेल... भावांनी, समजा...”

सर थांबले.

नदीत कोणीतरी चूळ भरत होतं, तेवढाच आवाज.

“मला भाऊ होता,” सर म्हणाले.

कॅमेरावाल्याने कॅमेरा खाली घेतला.

“थोरला. दिगंबर. लहानपणी मेंदूत ताप गेला त्याच्या. पाय ओढायचा, बोलणं अडखळायचं. आई गेल्यावर मी त्याला शहरात माझ्याकडे आणलं... ठेवलं मागच्या खोलीत. एकदा पुस्तकाला पारितोषिक मिळालं म्हणून मंडळी घरी आली होती. मी त्यांना हीच गोष्ट सांगत होतो, वाळलेल्या हाताची. आणि हा चहा घेऊन आला. कोणी सांगितलं नव्हतं. स्वतःच आला, हौसेने. ट्रेमध्ये निम्मा चहा सांडलेला. एकाने विचारलं, हे कोण?”

“मग?”

“मी म्हणालो... गडी आहे, जुना.”

“त्याने ऐकलं?”

“कळत नाही त्याला, असं मी समजत होतो. लहानपणापासून मला श्रीनू म्हणायचा. त्या दिवसापासून साहेब म्हणायला लागला. मरेपर्यंत. रागाने नाही हो, बुवा. नीट... आदराने.”

सरांनी तोंड फिरवलं. पण फिरवून बघणार कुठे? तिकडे शिष्य उभे होते.

“अग्नी कोणी दिला?”

“मीच. सोसायटीतले लोक म्हणाले, सरांचं मन केवढं, गड्यालाही स्वतः अग्नी दिला.”

“तुम्ही काय म्हणालात?”

“मान डोलावली.”

“आणि पितृपक्षात?”

“गुरुजी विचारतात दर वर्षी, आणखी कोणी आहे का घरात. एकदा गडी म्हणून सांगितलेला... भाऊ कुठल्या तोंडाने सांगू?”

बुवांनी निवडलेल्या दर्भाची जुडी बांधली. मग सरच हलक्या आवाजात म्हणाले, “शेवटी पिळायचं ते पाणी... ते त्याला चालेल ना?”

“नाही,” बुवा म्हणाले. “ते नाव नसलेल्यांचं. याचं नाव तुम्हाला ठाऊक आहे. उतरा.”

सर पुन्हा पाण्यात उतरले, कमरेपर्यंत. बुवांनी जवळ जाऊन तीळ दिले. सरांनी जानवं उजव्या खांद्यावर घेतलं, ओंजळ भरली आणि काहीतरी पुटपुटले.

“कोण?” बुवांनी विचारलं.

“दिगंबर.”

“दिगंबर कोण?”

सरांनी एकदा घाटाकडे पाहिलं. शिष्यांपैकी दोघे त्या दिवशी घरी आले होते, त्यांनी तो निम्मा सांडलेला चहा प्यायला होता. त्यांना तो जुना गडी आठवत होता.

“माझा भाऊ,” सर म्हणाले. आवाज फुटला, पण सगळ्यांना ऐकू गेला. “माझा सख्खा थोरला भाऊ.”

ओंजळीतलं पाणी अंगठ्यावरून खाली गेलं. सर तसेच उभे राहिले.

“बुवा... घेईल का हो तो? माझ्या हातचं?”

दाजीबुवा पायऱ्या चढायला लागले होते. ते मागे न बघता म्हणाले,

“न घ्यायला काय झालं? साहेबांनी दिलेलं त्याने कधी नाकारलंय?”